एइनारचं पाकीट कुणी पळवलं

१७ ऑक्टोबर
टपालाने मतपत्रिका आली. एकच. माझी. एइनारची नाही. आता सापडले चोर! माझा नवरा एइनार फेब्रुवारीत वारला. त्याच्या नावाने मतपत्रिका आली असती, तर मेलेल्यांच्या नावावर मतं पडतात हे सिद्ध झालं असतं. आली नाही, म्हणजे वाटेत कुणीतरी उचलली. दोन्हीकडून माझंच खरं. शाळा आठवीत सुटली, पण पुढचं सगळं मी वाचून शिकले आहे. गावातले पदवीधर वर्तमानपत्राचा मथळा वाचून पेंगतात.

१८ ऑक्टोबर
शेजारचा क्लाइड आला. जन्मभर बटाट्यांचा ट्रक चालवला, आता लोकशाही सांभाळतो. त्याने फोनवर व्हिडिओ दाखवला. म्हणाला, व्हर्ना, लायब्ररीसमोरच्या ड्रॉप बॉक्समध्ये, म्हणजे भरलेल्या मतपत्रिकांची पाकिटं टाकायच्या पेटीत, लोक रोज गठ्ठेच्या गठ्ठे कोंबतात. व्हिडिओत एक माणूस एक पाकीट टाकताना दिसला. क्लाइड म्हणाला, तेच तर, बाकीची पाकिटं व्हिडिओतून कापून टाकली.
ठराव: सोमवारपासून आठ ते पाच पहारा. एइनारची दुर्बीण घ्यायची.

२० ऑक्टोबर, दुपारी १
थंडी. क्लाइड दहालाच गेला. गुडघा दुखतो म्हणे. असल्यांच्या जिवावर देश वाचणार!
अकरा माणसं आली, अकरा पाकिटं पडली. सराईत दिसतात. लायब्ररीवालीने कॉफी देऊ केली. लाच म्हणून नाकारली. मग पुरावा म्हणून घेतली.
एइनारचं पाकीट मिळालं की आधी घरी आणणार, मग पोलिसांकडे नेणार. त्याच्या नावाचं टपाल आता फारसं येत नाही.

२२ ऑक्टोबर
पकडली! जांभळ्या कोटातली बाई, नऊ पाकिटं. फोटो काढला. जाब विचारला, तर हसली. वृद्धाश्रमात काम करते म्हणाली. तिथल्या म्हाताऱ्यांची पाकिटं आहेत. सह्या त्यांच्या त्यांनी केल्यात, टाकायला तेवढी ती येते. आणि वर म्हणाली, आजी, थंडीत अशाच बसलात तर पुढच्या वर्षी तुमचंही मलाच टाकावं लागेल.
नावं वाचू दिली. नऊ नावांत एइनार नव्हता.
वृद्धाश्रमात फोन केला. पाकिटावर नाव होतं त्या बर्निसबाई फोनवर आल्या. म्हणाल्या, हो, मीच दिलं पाकीट, मत कुणाला दिलं ते सांगणार नाही, आणि एवढी शोधाशोध करतेस तर माझा डावा मोजा शोधून दे.
हिलाही फितवलेलं दिसतं.

२४ ऑक्टोबर
पेटी रिकामी करायला निवडणूक कार्यालयाचे दोघं आले. कुलपावरच्या सीलचा नंबर वहीत लिहिलेल्या नंबरशी ताडून पाहिला. मी दरडावलं, तेव्हा मलाही वाचू दिला. जुळला. जुळणारच. चोर काय इतके कच्चे असतात?
ठराव: मंगळवारी थेट निवडणूक कार्यालय.

२८ ऑक्टोबर
लेखी तक्रार घेऊन गेले. टेबलामागे बारागानबाई. वय पस्तिशीचं, आवाज मऊ. म्हणाल्या, हॅल्वरसनबाई, बसा. प्रत्येक पाकिटाचा क्रमांक वेगळा. एक क्रमांक एकदाच मोजतात. पाकिटावरची सही नोंदीतल्या सहीशी ताडतात, पटली नाही तर मतदाराला कळवतात. कुणी दुसऱ्याचं पळवलं तरी सहीपाशी अडकतं. मी म्हटलं, हे सगळं मी वाचलेलं आहे, मला शिकवू नका. माझ्या नवऱ्याचं पाकीट कुठे आहे ते सांगा.
त्यांनी शोधलं. म्हणाल्या, छापलंच नाही. त्यांचं नाव दहा मार्चला मतदार यादीतून काढलं.
मी आवाज चढवला. कुणाला विचारून काढलं? इथे खुर्चीत बसून माणसं मारता?
त्यांनी स्क्रीन माझ्याकडे वळवली. एक अर्ज. एइनार हॅल्वरसन, मृत, नाव कमी करावे. खाली नात्याच्या रकान्यात पत्नी. सही माझी.
फेब्रुवारीच्या त्या आठवड्यात स्वयंपाकघरातल्या टेबलावर कागदांचा ढीग होता. बँक, पेन्शन, गाडी. मी कुठलाही कागद वाचल्याशिवाय सही करत नाही.
अक्षर सरळ होतं. कुठेही हात हललेला नव्हता.
बारागानबाईंनी माझी तक्रार वाचून पाहिली. मग हळूच म्हणाल्या, तक्रारीत संशयिताचं नाव लिहायचं राहिलंय, आणि पेन पुढे केलं.
मी तक्रार घडी करून पर्समध्ये ठेवली.