लोण्याचा वास

४ डिसेंबर, बुधवार

आजही तोच वास! घरी लोणी कढवताना येतो तसा. बिअरला हा वास असायलाच नको. आणि धनराजभाऊ काय म्हणाले? ग्लास फिरवला, हुंगला, घोट घेतला — "चालते." झालं! माल पास.

वीस वर्षं बिअर केलेल्या माणसाला हे कळत नाही? की कळू द्यायचं नाही?

५ डिसेंबर

आईने फोनवर विचारलं, तू तिथे नेमकं करतेस काय गं? तिकडे वडशाला दारूबंदी. शेजारणींना ती सांगते, दिव्यानी नागभीडला तांदळाच्या कारखान्यात आहे. अगदीच खोटंही नाही, कनकी, म्हणजे तुकडा तांदूळ, आम्हीच तर घेतो!

तिला सांगितलं — माल्ट आणि कनकीचा गोड काढा भाऊंच्या टाक्यांत आठवडाभर आंबत पडायचा. माझ्या कॉलममध्ये, म्हणजे काचेच्या उभ्या नळीत, यीस्ट जेलच्या मण्यांत कोंडलेलं आहे. साबुदाण्याएवढे मणी. खालून काढा आत, वरून बिअर बाहेर. थांबणं नाहीच. "म्हणजे टाकीवाल्याचं काम तू खाल्लं," आई म्हणाली.

हे मला सुचलंच नव्हतं. भाऊंच्या टाक्या रिकाम्या आहेत. तरी रोज धुतात.

९ डिसेंबर

ब्रह्मपुरीच्या हॉटेलवाल्याने माल परत पाठवला. ड्रायव्हर लहानू सर्वांसमोर हसत म्हणाला, "तो म्हणते, हे बिअर आहे का मस्का?" मी भाऊंकडे पाहिलं. ते टाकीचं झाकण पुसत होते.

आता खात्रीच. खराब माल मुद्दाम पास करतात. नाव कॉलमचं बदनाम, म्हणजे टाक्या पुन्हा सुरू!

१० डिसेंबर

निकेश सरांच्या केबिनमध्ये गेले. मालक असून माझ्याच वयाचे, बोलायला सोपे. म्हटलं, काढा फार वेगाने सोडतोय. लोण्याचा वास यीस्टच नंतर खाऊन टाकतं, पण त्याला वेळ हवा. वेग कमी करू, आणि बिअर दोन-तीन दिवस उबेत, टाकीत थांबवू.

"थांबवायचं असतं तं कॉलम काऊन घेतला? धनराजभाऊ चालते म्हणते ना? मंग चालते."

भाऊंवर एवढा विश्वास!

१३ डिसेंबर

सकाळी लवकर आले तर भाऊ कॉलमच्या तोंडाशी वाकलेले. नाक अगदी काचेला. मला पाहून दचकले.

"काय करून राह्यले भाऊ?"

"काई नाई. पाहून राह्यलो."

मणी तपासले. सगळे ठीक. पण चेहरा चोराचा होता.

१६ डिसेंबर

उद्या सापळा. केकसाठी आणलेली व्हॅनिलाची बाटली पर्समध्ये ठेवली आहे.

१७ डिसेंबर, मंगळवार

सापळा लावला.

बिअरच्या ग्लासात अर्धं झाकण व्हॅनिला ओतला. खोलीभर बेकरीचा वास! ग्लास भाऊंना दिला. ठरवलं होतं, "चालते" म्हणाले की सगळ्यांना बोलावून ग्लास दाखवायचा.

त्यांनी फिरवला. हुंगला. डोळे मिटून पुन्हा हुंगला. घोट घेतला. माझ्या तोंडाकडे पाहिलं — शाळेतलं पोर मास्तरांकडे पाहतं ना, तसं. आणि हळूच म्हणाले, "चालते... ना?"

माझ्याच्याने कोणालाच बोलावलं गेलं नाही. दार लोटलं. "भाऊ, तुम्हाला वास येत नाही?"

त्यांनी ग्लास खाली ठेवला. मग पोत्यावर बसले.

"कोरोनात गेला, तो आलाच नाई. बायको मनकर्णाची भाजी चुलीवर जळून जाते, मी बाजूलेच बसून राहतो. लय दवाखाने केले, पोरी. इथी सांगतलं असतं तं मले कोनं ठेवलं असतं? रोज सकाळी येऊन काचेले नाक लावतो. वाटते, आज येईन."

त्या दिवशी वाकले होते ते यासाठी. आणि मी मणी मोजत बसले!

"कोनाले सांगजो नको."

नाही सांगणार म्हटलं.

१९ डिसेंबर

आमचं ठरलं आहे. ग्लास भाऊंच्या हातात, पण आधी हुंगते मी. ठीक नसेल तर मी खोकते. आज खोकले. भाऊ मोठ्याने म्हणाले, "नाई चालत! टाकीत थांबवा." किती वर्षांनी म्हणाले असतील! रिकामी टाकी भरताना गुणगुणत होते.

माझ्या कॉलमची बिअर, त्यांच्या टाकीत. आधीच का सुचलं नाही?

२१ डिसेंबर, शनिवार

निकेश सरांनी बोलावलं. संतापलेले. "धनराजभाऊ माल अडवते? कोनाच्या नाकानं?"

आणि तेच पुढे म्हणाले:

"त्याचं नाक गेलं हे मले कॉलम लागला त्या पहिल्याच महिन्यात समजलं. म्हणूनच तं पास करायले त्याले बसवलं! तो अडवत नाई. आन् उद्या कोनी बोंबललं, तं नाव त्याचं."

बाहेर आले. भाऊ नळाशी ग्लास धरून उभे. मी कधी हुंगते याची ते वाट पाहत होते. मी आधी कॉलमचा पंप बंद केला. मग त्यांना सगळं सांगितलं.