सरासरीला दुखत नाही

१० जून
प्रयोगशाळेत पहिला दिवस. विद्यापीठाने या उन्हाळ्यात आम्हा शाळाशिक्षकांना इंजिनिअरिंगच्या संशोधनात घेतलंय. मला मिळाला कृत्रिम पायांचा गट. प्राध्यापक लिंडक्विस्टनी हात मिळवला आणि एक खोकं पुढे सरकवलं — आइस्क्रीमच्या काड्या, गोंद, दोरा.
"लोरीन, मुलांसाठी यातून काहीतरी छान उपक्रम बसवा. किचकट कामात कशाला अडकता?"
इतकी वर्षं बीजगणित शिकवतेय. 'हे पुढे कुठे लागतं, मिसेस हॅकवर्थ?' असं पोरं विचारतात, आणि मी काहीतरी ठोकून देते. ते शोधायला आलेय मी. काड्या चिकटवायला नाही.
खोकं तिथेच ठेवून आले.

१२ जून
"मग हवंय तरी काय तुम्हाला?"
"आकडे."
लिंडक्विस्ट हसले, आणि मला डेलफिनाच्या गळ्यात बांधलं. त्यांची पीएच.डी.ची विद्यार्थिनी, माझ्या मुलीच्या वयाची.
"प्रोग्रॅमिंग येतं?"
"नाही."
"मग?"
"मग शिकव."

१८ जून
रोज चुकते. डेलफिना उसासे सोडते. सोडू दे.
आज रॉइस टॅकेट आले. लाकडाच्या गिरणीत गुडघ्याखालचा पाय गेलेला. उरलेला खुंट कृत्रिम पायाच्या ज्या वाटीत बसतो, तिचा नवा नमुना त्यांच्यावर तपासायचा. वाटीच्या आत दाब मोजणारे सेन्सर. ते ट्रेडमिलवर चालणार, आम्ही आकडे बघणार.
मला बघून म्हणाले, "गणिताच्या मास्तरीणबाई? मग बघा, मी पळतोच कसा."

२५ जून
अजून धुमसतेय. रागाने.
रॉइस चालत होते. मध्येच बघते तर जबडा आवळलेला, कठड्यावरची बोटं पांढरी.
"दुखतंय?"
"चालायचंच."
डेलफिना पडद्याकडे बघून म्हणाली, "सरासरी दाब मर्यादेत आहे. थोडंच राहिलंय."
मी लाल बटण दाबलं. पट्टा थांबला. वाटी काढली तर कातडी सोललेली, रक्त आलेलं.
लिंडक्विस्ट आले. "अख्खी चाचणी वाया! थांबा म्हणायचा हक्क होता त्यांना. ते म्हणाले का? आणि सरासरी मर्यादेत होती."
"सरासरीला दुखत नाही, डॉक्टर."
"उद्यापासून तुम्ही पोस्टरचं बघा."

२६ जून
प्रयोगशाळेत गेले. पोस्टरला हात लावला नाही.

२८ जून
सरासरी बाजूला ठेवून एकेका सेन्सरचा आलेख काढला. जखमेजवळच्या एकाची रेघ आभाळाला भिडलेली. सापडलं! धावत डेलफिनाकडे. तिने तो सेन्सर काढला, तपासला.
"हा खराब आहे. ही रेघ खोटी."
तोंडात मारल्यासारखं झालं. लिंडक्विस्ट दारातच होते. "आता पटलं?"
"रेघ चुकली. जखम पण चुकली का?"
मग डेलफिनाच हळूच म्हणाली, "जखम जिथे आहे तिथे आपण सेन्सर लावलेलाच नाही."
लिंडक्विस्टनी चष्मा काढून बराच वेळ पुसला. "लावायला हवा होता," म्हणाले. माझ्याकडे बघून नाही, पण म्हणाले.

८ जुलै
रॉइसना फोन केला. जखम भरत आलीय.
"पुन्हा चालाल?"
"चालेन की, मास्तरीणबाई. पण ते लाल बटण माझ्या हातात."
"त्या दिवशी तोंडाने का नाही सांगितलंत?"
"चार शिकलेली माणसं घड्याळ लावून उभी असतात. त्यांच्यापुढे आई गं कोण म्हणणार?"
लिंडक्विस्ट कुरकुरले — सारखं थांबलं तर सलग आकडे कुठून यायचे? मी म्हटलं, सलग आकडे हवे असतील तर लाकडाचा माणूस आणा. तणतणत गेले. संध्याकाळी वाटेत अडवून म्हणाले, "चाचणी बदलायची परवानगी मागवतो."

१६ जुलै
नवा सेन्सर, बटण रॉइसच्या मुठीत. तीनदा दाबलं. पहिल्या दोन्ही वेळी नव्या सेन्सरवर दाब जवळपास सारखाच चढलेला. तिसऱ्यांदा काहीच नाही. डेलफिना पार गोंधळली.
"नाकाला खाज सुटली होती," रॉइस म्हणाले.
लिंडक्विस्ट इतके हसले की त्यांना बसावं लागलं. वाटी आता त्या जागी खरवडून सैल करणार.

१९ जुलै
शेवटचं सादरीकरण. इतरांची पोस्टरं रंगीत. माझ्या पोस्टरवर आधी खोटी रेघ, मग खरी. आमचे मुख्याध्यापक मुद्दाम आलेले.
"आपल्या पोरांना हे झेपेल? आणि स्वतःची चूक एवढी मोठी छापायची कशाला?"
"चूक कशी पकडतात ते पुस्तकात नाही म्हणून. आणि झेपत नसेल तर शिकवायला मी आहे."

१५ ऑगस्ट
शाळा सुरू. पहिल्याच तासाला हे सगळं सांगितलं. घंटा झाल्यावर मार्ली मागे थांबली. गेलं अख्खं वर्ष माझ्याच वर्गात होती. दार लावलं आणि जीन्स गुडघ्यापर्यंत वर केली. खाली कृत्रिम पाय. मला माहीतच नव्हतं.
"मिसेस हॅकवर्थ, मला पण दुखतं. हे सांगायचं असतं?"
तिच्या आईशी बोलले. मग लिंडक्विस्टना फोन — शनिवारी आम्ही तिघी येतोय. विचारलं नाही. सांगितलं.