एकवीस दिवसांत बाप, खात्रीशीर

३ फेब्रुवारी, संध्याकाळी सहा

मुलगी घरी आली. वजन तीन किलो शंभर ग्रॅम. आणली कोणी? मी. कार सीटमध्ये बसवून, पट्टे लावून, ताशी वीसच्या वर काटा जाऊ न देता. मागून सगळा रस्ता हॉर्न मारत होता. मारू दे. अकरा वर्षं ड्रायव्हिंग स्कूलचा मास्तर आहे, हॉर्नला भीक घालत नाही.

घरापाशी पट्ट्याचं बक्कल उघडेना. मग अख्खी सीटच हँडलला धरून उचलली आणि मुलीला तशीच घरात नेली. बायको म्हणाली, अरे, तिला हातात घे की. म्हटलं, हे जास्त सुरक्षित आहे, खोक्यावर लिहिलंय. सासूबाईंनी दोन बोटांनी बक्कल उघडलं आणि तिला काढून घेतलं. मी ते आधीच सैल केलं होतं.

संकल्प. आमच्या स्कूलच्या बोर्डावर लिहिलंय: एकवीस दिवसांत गाडी, खात्रीशीर. जो माणूस एकवीस दिवसांत कुणालाही गाडी शिकवतो, त्याला बाप व्हायला किती लागतील? तेवढेच. कोर्स आजपासून सुरू. फायनल टेस्ट २३ तारखेला. त्या दिवशी दुपारी बायकोला टाके दाखवायला दवाखान्यात जायचंय. सासूबाई तिच्यासोबत जाणार आणि तिथूनच आपल्या घरी परतणार. दोन तास घरात फक्त मी आणि मुलगी.

एकवीस दिवस म्हणजे डोक्यावरून पाणी.

४ फेब्रुवारी

साहित्याची पाहणी. माझ्याकडे: आपोआप झुलणारी खुर्ची, पाच स्पीड. कॅमेऱ्याचा मॉनिटर. झोपेचे आवाज काढणारं मशीन (पाऊस, समुद्र, पंखा, व्हॅक्यूम क्लीनर). आंघोळीच्या पाण्याचं तापमान मोजणारं प्लॅस्टिकचं बदक. बाळ छातीशी बांधायची झोळी, पाच मीटर कापड. प्रॅम, सस्पेन्शनसकट.

सासूबाईंकडे: जुन्या चादरी फाडून शिवलेली तीस दुपटी.

मी हसलो नाही. माळ्यावर जागा करून दिली.

६ फेब्रुवारी, सकाळी दहा

मॉनिटर लावला. काय चीज आहे! मुलगी बेडरूममध्ये, मी हॉलमध्ये, मधे भिंत. तीन तास बघत बसलो. तिने जांभई दिली, मीही दिली. नाक डिट्टो माझं. कानांचा तपास चालू आहे. तिला इतकं बारकाईने घरात दुसरं कुणीच पाहिलं नसेल.

बायको आतून म्हणाली, दार उघडंच आहे, ये. म्हटलं, नको, इथून रेंज चांगली येते.

मुलीला अजून हातात घेतलेलं नाही, अशी घरात कुजबुज आहे. कारणं नोंदवून ठेवतो. परवा सर्दी होईल असं वाटत होतं. काल हाताला ग्रीस. आज ती झोपली होती. उद्याचं उद्या बघू.

८ फेब्रुवारी

सकाळी शिवणवाल्या काकूंचा क्लास. वय अठ्ठावन्न, त्यातली चाळीस वर्षं शिलाई मशीनवर. लायसन्सच्या टेस्टला दोनदा नापास. दोष उघड आहे. अ‍ॅक्सिलरेटरवर पाय मशीनच्या पायट्यासारखा ठेवतात, एकदा दाबला की टीप पुरी होईपर्यंत सोडायचा नाही. आज फळवाल्याच्या हातगाडीपर्यंत सरळ टीप मारत गेल्या. माझ्या बाजूला दुसरा ब्रेक आहे म्हणून फळवाला आहे. त्या ब्रेकवरचा पाय मी अकरा वर्षांत उचललेला नाही.

काकू म्हणाल्या, सर, जरा पाय काढून बघा ना, गाडी मी थांबवली की तुम्ही तेच मला कळत नाही. हसण्यावारी नेलं. मग त्यांनी विचारलं, लेक काय म्हणते, बापाच्या हातात राहते का? मी त्यांना तिसरा गियर टाकायला सांगितला. चौकात.

१० फेब्रुवारी

झोळीचा दिवस. पुस्तिकेत चौदा चित्रं. सहाव्या चित्रातल्या बाईला तीन हात आहेत. तरी मी जिद्द सोडली नाही. सराव तीन किलो बटाट्यांवर केला. बांधून हॉलमध्ये पाच फेऱ्या मारल्या, पाठीवर थोपटलंही. बटाट्यांच्या.

बायकोने दारातून पाहिलं आणि इतकी हसली, इतकी हसली की म्हणाली, थांब, टाके दुखतायत. मलाही हसू आलं. मग डोळे पुसले. म्हणाली, बटाटे नशीबवान आहेत.

निकाल: बावीसपैकी वीस सुखरूप. म्हणजे शेकडा नव्वदच्या वर. दोन सोफ्याखाली गेले, ते माझ्या चालण्यात नव्हे, कापडात खोट होती.

१३ फेब्रुवारी

प्रॅम. जिन्याबाहेरच्या पॅसेजमध्ये जोडली. रिव्हर्स घेतली, वळवली, कठड्याला समांतर लावली, एका प्रयत्नात. शेजाऱ्यांनी टाळ्या वाजवल्या. (एका शेजाऱ्याने. डासही असेल.)

घरात जाईना. दार अठ्ठावीस इंच, प्रॅम साडेअठ्ठावीस. खोक्यावरचं माप चाकं सोडून होतं. सासूबाई म्हणाल्या, नाचता येईना अंगण वाकडं. मी टेप लावून दाखवलं की दार वाकडं नाही, अरुंद आहे.

संध्याकाळी त्या प्रॅममधून पाच किलो कांदे घेऊन आल्या. जावईबापू, सस्पेन्शन उत्तम आहे हो, म्हणाल्या.

१५ फेब्रुवारी, दुपारी

झुलती खुर्ची. बायकोने मुलीला ठेवलं, कंट्रोल माझ्याकडे. पहिल्या स्पीडला डोळे उघडे. दुसऱ्याला पेंगुळली. माणसाने तिथे थांबावं. पण गाडी दुसऱ्या गियरवर किती वेळ ओढणार? तिसरा टाकला.

दूध माझ्या चष्म्यापर्यंत आलं.

मी तत्काळ झेप घेतली आणि खुर्ची बंद केली. मुलीला सासूबाईंनी उचललं. कामाची वाटणी असलेली बरी. पुसायला माळ्यावरून दुपटी काढावी लागली. तात्पुरती.

१७ फेब्रुवारी

बायकोने सरळ विचारलं, तुला ती आवडत नाही का?

हे काय विचारणं झालं! रोज तीन तास मॉनिटर बघतो. कानांचा तपास पूर्ण झालाय, डावा तिच्या आईचा, उजवा माझ्या काकांचा. मोबाइलमध्ये तिच्या जांभयांचे एकोणीस व्हिडिओ आहेत. क्लासला येणाऱ्या प्रत्येकाला लाल सिग्नलवर दाखवतो. एकाने हिरवा झाल्यावरही बघितला.

हे सगळं बोललो नाही. काय बोललो? रेंजबद्दल काहीतरी बोललो. ती कूस बदलून झोपली.

वेगळी नोंद, मानेबद्दल. आज सासूबाई आंघोळ घालत होत्या. मी बदक धरून उभा होतो (सदतीस डिग्री, त्यांनी कोपर बुडवून आधीच सांगितलं होतं). मान बघितली. ती काय मान आहे? दोन बोटं जाड, आणि वर अख्खं डोकं. बनवणाऱ्याची चूक आहे ही. आणि माझे हात असे, गियर टाकून टाकून फावडी झालेले. घाबरत बिबरत नाही मी. फक्त हातातून निसटली तर पुढे काय करायचं, ते कुठल्याच पुस्तिकेत नाही. या पोरीला दुसरा ब्रेक नाही.

१९ फेब्रुवारी

आज घेतली.

म्हणजे घेणारच होतो. हात तीनदा धुतले. सोफ्यावर मधोमध बसलो. डावीकडे उशी, उजवीकडे उशी, पायाशी गादी. बायको तिला घेऊन आली, वाकली, आणि नेमका फोन वाजला. मोबाइल कंपनीचा. महत्त्वाचा होता. मी बाल्कनीत जाऊन पंधरा मिनिटं बोललो. त्यांनी दोनच मिनिटांत ठेवला होता.

२१ फेब्रुवारी

काकूंची तिसरी टेस्ट परवा सकाळी, माझ्या टेस्टच्याच दिवशी. म्हणाल्या, सर, सोबत याल ना? म्हटलं, शक्य नाही, घरी दुपारची तयारी आहे. म्हणाल्या, मग मी मुलाच्या गाडीतच देते टेस्ट. मी त्यांना स्पष्ट सांगितलं की त्या गाडीत दुसरा ब्रेक नसतो. त्या म्हणाल्या, हो, माहितीये.

बिचाऱ्या. वाईट वाटलं. काही माणसांना आपली कुवत कळत नाही.

२३ फेब्रुवारी, सकाळी अकरा

सगळं सज्ज. मुलगी पाळण्यात. पाळण्याभोवती खुर्ची, मशीन, मॉनिटर, बदक (असू दे). बायकोने दूध काढून बाटलीत ठेवलंय. भिंतीवर वेळापत्रक चिकटवलंय. मुलीला उचलायची गरज पडणार नाही अशी व्यवस्था केलीय. यालाच नियोजन म्हणतात.

तीन वाजून पाच

गेल्या दोघी. सासूबाई निघताना म्हणाल्या, दुपटी खाली काढून ठेवलीत, जावईबापू. बायको दोनदा मागे वळली. मी मॉनिटर वर करून दाखवला.

मुलगी झोपलीय. टेस्ट सोपी आहे.

तीन वीस

उठली. आराखड्याप्रमाणे बाटली. पाळण्यात पडल्या पडल्या अर्धी प्यायली, उरलेली मानेवरून खाली. आराखड्याप्रमाणे मशीन. पाऊस लावला, रडली. समुद्र लावला, जास्त रडली. व्हॅक्यूम क्लीनर लावला, तर त्याच्यावर आवाज काढला. फुप्फुसं तिच्या आजीची.

तीन एकतीस

खुर्चीत ठेवायला हवं. खुर्चीत ठेवायला उचलायला हवं. हे नियोजनात आलं नव्हतं.

तीन चौतीस

लाल झालीय. हात दोनदा पुढे केले, दोनदा मागे घेतले. माझी मुलगी रडतेय आणि मी वही लिहितोय. भीती वाटतेय मला. पहिल्या दिवसापासून वाटतेय. लिहून टाकतो, कोण वाचणार आहे. बेल वाजली.

पाच वाजून दहा

डाव्या हाताने लिहितोय. उजवा गुंतलाय.

दारात काकू. हातात निकालाचा कागद, तोंडभर हसू. मी म्हटलं, अभिनंदन, देवासारख्या आलात, आधी हिला घ्या. पाळण्यापाशी आल्या, वाकून बघितलं, गोड आहे हो म्हणाल्या, आणि दोन्ही हात पाठीमागे बांधले.

म्हणाल्या, सर, पास झाले मी. का झाले सांगू? तुमचा पाय नव्हता म्हणून. चला, उचला लेकीला.

मी म्हटलं, मान. त्या म्हणाल्या, एक तळवा मानेखाली, एक बुडाखाली. म्हटलं, निसटेल. म्हणाल्या, मशीनवर रेशीम धरतात तसं धरा, आवळायचं नाही, नुसती सोबत करायची. म्हटलं, काकू, तुम्ही माझ्या कोपराखाली हात ठेवा. त्यांनी ठेवला.

उचलली.

बटाट्यांसारखी मुळीच नाही. गरम आहे. आतून काहीतरी टकटक चालू असतं. खांद्याला लावली तर आधी कानात ओरडली, मग उचकी दिली, मग माझंच नाक माझ्या मानेत घासलं आणि गप्प. मी खोलीत चालायला लागलो. चार फेऱ्या झाल्यावर हळूच म्हटलं, काकू, हात काढू नका हं. उत्तर सोफ्यावरून आलं. त्या तिथे बसून दुपट्यांच्या घड्या घालत होत्या. म्हणाल्या, पहिल्याच फेरीला काढला.

मला रडू आलं. एकवीस दिवस मी हिला भिंतीतून बघत बसलो, गाढवासारखा. डोळे खांद्यावरच्या दुपट्याने पुसले. फार मऊ असतं ते. ठराव: माळ्यावर बदक ठेवणे.

काकू मुलाच्या गाडीतून गेल्या. स्वतः चालवत. कोपऱ्यापर्यंत एक टीप.

पाच वाजता बायको आली. दारातच थांबली. मी सोफ्यावर, मुलगी माझ्यावर, दोघंही शांत.  ती चपला काढायला विसरली, तशीच येऊन शेजारी बसली, डोकं माझ्या मोकळ्या खांद्यावर टेकवलं. मी म्हटलं, काही नाही गं, सोपं असतं. तिने मान हलवली. विश्वास बसलाय तिचा. काकूंचा विषय मी काढलेला नाही.

आता म्हणतेय, गाढ झोपलीय ती, ठेव खाली, हात अवघडला असेल.

अवघडलेला नाही. हात आहे की नाही तेच कळत नाहीये. समोर पाळणा आहे, खुर्ची आहे, दाराबाहेर प्रॅम आहे. पण ठेवायचं कसं, ते काकूंनी सांगितलंच नाही. गाडी चालवायला आली, पार्किंग राहिलं. आणि आता विचारायचं कोणत्या तोंडाने?

बायकोला सांगितलं, राहू दे, मला आवडतंय. ते खरंच आहे. सकाळी आठला पहिला क्लास आहे, तोपर्यंत बसतो.