राखाडी भिंत आणि आत्याचा धबधबा

मु. उंबरवस्ती, ता. पाथर्डी,
जि. अहिल्यानगर.

तीर्थस्वरूप सौ. रतनआत्यांच्या सेवेशी,

राजेश्वरीचा शिरसाष्टांग नमस्कार. (गुडघा दुखत असल्यास उठून आशीर्वाद देण्याची तसदी घेऊ नये, बसल्या जागेवरून दिलेलाही आम्हांस पोहोचतो.) आपली, काकांची आणि दर पत्रात जिच्याविषयी विचारायचे राहून जाते त्या आपल्या काळ्या गाईची प्रकृती उत्तम असावी. आमच्या वास्तुशांतीनंतर आपले इकडे येणे झाले नाही. आधी एक गुडघा दुखत होता, मग दोन्ही दुखू लागले, असे अण्णा सांगतात. आई बरी आहे, अण्णा बरे आहेत. अण्णांची जीप मात्र चढ लागला की अजूनही खोकते.

पुढील मजकूर फोनवर सांगता आला असता, हे मी जाणते. परंतु आपला फोन आला की अण्णा तो स्पीकरवर ठेवतात आणि मग शेजारच्या बनुबाई आपल्या अंगणातूनच उत्तरे देतात. (मागे आपण "किती गं हळू बोलतेस" म्हणालात, तेव्हा आलेले "ती तशीच हाय" हे उत्तर माझे नव्हते.) कागदावर माझा आवाज त्यामानाने बरा निघतो, म्हणून हा पत्रप्रपंच.

तर आत्या, आनंदाची वार्ता अशी की आमची बैठकीची खोली अखेर रंगली. वास्तुशांत झाली तेव्हा भिंती सिमेंटच्याच होत्या, हे आपण पाहिलेच आहे. त्यानंतर दरवर्षी अण्णा "यंदा रंग" असे म्हणत आणि दरवर्षी जीपचा एखादा टायर त्यांचा शब्द खाली पाडत असे. या वर्षी मात्र मी हट्ट धरला. त्याचे कारण ऐकण्यापूर्वी आपण भिंतीला टेकून बसावे, कारण ते माझ्या स्वभावाला मुळीच धरून नाही. मी वस्तीवरच्या बायकांना आमच्या घरी बोलावले. महिन्यातून एकदा एकत्र बसावे, एक कथा वाचावी आणि तिच्याविषयी बोलावे, अशी कल्पना बरेच दिवस मनात होती. टँकरच्या रांगेत उभी असताना ती तोंडावाटे निघून गेली, आणि मागे हंडे घेतलेल्या इतक्या साक्षीदार उभ्या होत्या की परत घेणे शक्य नव्हते. आजवर मी कोणालाही 'आमच्या घरी या' असे म्हटलेले नाही. बोर्डाच्या परीक्षेत मराठीत शाळेत पहिली आले तेव्हा पेढेसुद्धा आईने वाटले. मी दाराआड उभी होते. त्यात दिवस थोडे होते. दसरा झाला की निम्मी वस्ती कोयते घेऊन ऊसतोडीला जाते, ती उन्हाळ्यातच परतते. आता बायका आल्या नाहीत, किंवा येऊन गप्प बसून निघून गेल्या, तर माझे वाचक मंडळ बारशाआधीच आटोपले असे समजावे लागणार होते. मला तर चारचौघींत बोलता येत नाही. तेव्हा निदान भिंतींनी माझ्या वतीने दोन बऱ्या गोष्टी बोलाव्यात, एवढीच माझी अपेक्षा होती.

त्या गोष्टी हिरव्या आणि राखाडी रंगांतच बोलायच्या, हे मी केव्हाच ठरवून ठेवले होते. महाविद्यालयाच्या ग्रंथालयात एका मासिकात तशा खोलीचे चित्र पाहिले होते. शेवाळी भिंत, राखाडी बैठक आणि एक कुंडी. त्या खोलीत कधी कोणी मोठ्याने बोलले असेल असे वाटत नव्हते. मी ते चित्र इतके पाहिले की ग्रंथपालांना मी परीक्षेची तयारी करीत आहे असा समज झाला.

पाथर्डीच्या रंगाच्या दुकानात गेल्यावर त्यांनी रंगांचे पुस्तक हाती दिले. (पुस्तक म्हटल्यावर मी हरखले, परंतु आत मजकूर नव्हता.) प्रत्येक छटेला इंग्रजी नाव होते आणि एकाही नावावरून रंग ओळखू येत नव्हता, म्हणून मी मनातल्या मनात त्यांचे बारसे केले: दगडावरचे शेवाळ, कोवळी बाजरी, चुलीतली सकाळची राख, पावसात भिजलेला खडक. दुकानदाराला "भिजलेला खडक द्या" असे सांगण्याचे धैर्य झाले नाही. नुसते बोट ठेवले. अण्णांच्या मनात आंबा रंगाच्या भिंती आणि वर गुलाबी छत होते. परंतु त्यांनी माझ्या बोटाकडे पाहिले, एक सुस्कारा सोडला आणि दुकानदाराला म्हणाले, "पोरगी पहिली आलेली हाय. तिला दिसतंय ते आपल्याला दिसायचं न्हाई." (माझा पहिला क्रमांक मराठी विषयात होता. परंतु अण्णांच्या मते पहिला क्रमांक हा एसटीच्या पाससारखा असतो, कोणत्याही गाडीत चालतो.)

आत्या, खोली इतकी सुंदर झाली की मी पहिले दोन दिवस विनाकारण आतबाहेर करीत होते. समोरची भिंत शेवाळी, उरलेल्या तिन्ही राखाडी. आईने पेटीच्या तळाशी जपलेली तिची हळदीची हिरवी साडी आपण होऊन पडद्यांना दिली. "इतकी वर्सं अंधारात पडलीय, जरा खिडकीत बसंल," एवढेच म्हणाली. दिवाणावर राखाडी घोंगडी अंथरली. तिचा रंग अगदी मासिकातल्यासारखा आहे. फक्त मासिकातली बैठक टोचत असेल असे वाटले नव्हते. पाहुणा घोंगडीवर फार वेळ टिकत नाही, हा दोष की गुण याचा निर्णय आईने राखून ठेवला आहे.

विघ्न आले ते कौतुकाच्या वेळी. प्रथम बनुबाई आल्या. दारातच थांबल्या आणि आईला म्हणाल्या, "एकच भित झाली व्हय गं बायडाबाई? बाकीच्याला सिमीट तसंच?" आई म्हणाली, तो रंगच आहे. बनुबाईंनी राखाडी भिंतीवर बोट फिरवले, बोटाकडे पाहिले, मग आईकडे अत्यंत मायेने पाहिले. "व्हईल, व्हईल. एकदम समदं कुनाचं हुतं?" संध्याकाळपर्यंत आमच्या अण्णांच्या, म्हणजे वस्तीच्या अजिनाथच्या, घराचा रंग मध्येच संपला, ही बातमी वस्तीभर झाली. दुसऱ्या दिवशी रंगनाथकाका मुलाच्या लग्नात उरलेल्या गुलाबी रंगाचा अर्धा डबा घेऊन आले आणि तो ओट्यावर ठेवून गेले. त्यांच्या चांगुलपणाने अण्णांना जे दुःख झाले ते निंदेनेही झाले नसते. इतकी वर्षे सिमेंटमध्ये राहून शेवटी सिमेंटचाच रंग विकत आणणारा माणूस, अशी आपली नोंद होणार, हे त्यांना दिसू लागले. त्यांनी राखाडी रंगाचा रिकामा डबा धुऊन, नाव समोर येईल असा बैठकीच्या खोलीत मांडला. आता आलेल्याला आधी पाणी मिळते, मग डबा दाखवला जातो. परिणामी माझ्या हिरव्या-राखाडी खोलीत सर्वांत ठळक वस्तू कोणती, तर तो लालभडक डबा.

यापुढचा मजकूर नाजूक आहे. वास्तुशांतीत आलेल्या वस्तू आपणांस आठवत असतील. भिंतभर घड्याळे, आणि प्रत्येकावर पांढऱ्या रंगात 'सप्रेम भेट' व देणाऱ्याचे नाव. एक कमळाच्या आकाराचे, एक मोराचे, एक असे की ज्यात तासाला बाळकृष्ण रांगतो. आणि आपल्या वस्तीचा नियमही आपण जाणता: ज्याने वस्तू दिली तो घरी आला की आधी वस्तूकडे पाहतो, मग माणसांकडे. मी सारी घड्याळे आतल्या खोलीत नेऊन ठेवली. त्यांच्यासोबत आपण दिलेले धबधब्याचे विजेवर चालणारे चित्रही चादरीत गुंडाळून खाटेखाली ठेवले. आत्या, त्या चित्राविषयी माझ्या मनात पूर्ण आदर आहे. परंतु त्यातले पाणी जांभळे आहे, आकाश नारिंगी आहे, आणि पक्षी जी शीळ घालतात ती वाजत असताना वाचन अशक्य आहे. आपल्याकडे संगमनेरला प्रवरा वाहते. आमच्याकडे तेवढा धबधबाच वाहतो, म्हणून अण्णा जीप लावून आले की रोज त्याचे बटण दाबून समोर बसत. खाटेखाली ठेवला, तरी ते त्याच जागी बसले. फक्त रिकाम्या खिळ्याकडे पाहत चहा प्याले. आई तेवढी म्हणाली, "जिचं घड्याळ भितीवर न्हाई, ती तुज्याशी बोलंल व्हय?" मी म्हणाले, साहित्याचा आणि घड्याळांचा संबंध नाही.

साहित्याचा आणि घड्याळांचा फार जवळचा संबंध आहे, आत्या.

बायका आल्या, सगळ्या आल्या. घोंगडीवर बसल्या, उठल्या, खाली सतरंजीवर बसल्या. मी कथा वाचू लागले. माहेरी भावाने काहीच न दिल्यामुळे एक बाई स्वतःच साडी विकत घेते आणि सासरी "भावानं नेसवली" असे सांगते, अशी ती कथा. माझा आवाज आपण जाणताच. वाचताना मध्येच वर पाहिले तर सर्वांच्या नजरा भिंतींवरून फिरत होत्या, टँकर आला का पाहावे तशा. कथा संपली. मी विचारले, कशी वाटली? कोणी बोलेना. कुंडीतल्या रोपाचे पान हलले तेही ऐकू आले असते. अखेर रंगनाथकाकांच्या भीमाबाई म्हणाल्या, "आमचं बाळकृष्नाचं बंद पडलं का गं?" मी "नाही" म्हणाले आणि त्यापुढचे सर्व शब्द मला सोडून गेले. मासिकातल्या खोलीत कोणी का बोलत नसावे, हे मला त्या क्षणी कळले.

तेवढ्यात जीप खोकत आली. अण्णांनी दारातून एकवार सगळ्यांकडे पाहिले, मग माझ्याकडे पाहिले, आणि सरळ आत गेले. बाहेर आले ते धबधबा घेऊन. शेवाळी भिंतीच्या बरोबर मधोमध, रिकाम्या खिळ्यावर त्यांनी तो अडकवला आणि बटण दाबले. जांभळे पाणी वाहू लागले, पक्षी शीळ घालू लागले. बनुबाई पदर तोंडाला लावून हसल्या. "आगं, आन् मी म्हनते तान का लागलीय सारखी." मग आईने घड्याळे आणली, ज्या त्या बाईने आपापले मांडीवर घेतले, आणि त्यानंतर जे सुरू झाले त्याला मी साहित्यचर्चा म्हणते, रस्त्यावरून जाणाऱ्यांना ते भांडण वाटले.

भीमाबाईंचे म्हणणे, ती बाई खोटी. भावाने नाही दिले तर नाही दिले म्हणावे. बनुबाई म्हणाल्या, "म्हनून बघ की सासरी एकदा. मंग जलमभर ऐक." एक म्हणाली, भाऊ गरीब असेल. दुसरी म्हणाली, भावजय आगाऊ असेल. मी भीत भीत म्हणाले की कथेत भावजय नाही, तर तीन जणी एकदम म्हणाल्या, "आसंलच." आणि अण्णा, जे बायकांच्या बोलण्यात आजवर कधी पडले नाहीत, ते दारातून म्हणाले, "खोटं कसलं त्यात? नाव राह्यलं न्हाई का तेवढ्यानं?" यावर बनुबाई म्हणाल्या, "अजिनाथ, तू म्होरच्या टायमाला आत बस." पुढचा टाईम, आत्या. माझ्या मंडळाला पुढचा टाईम आहे. कोयते निघण्याआधी आणखी एकदा बसायचे, असे त्यांनीच ठरवले आणि वेळ मला सांगितली. मला आनंदाने त्या रात्री जेवण गेले नाही.

आता मुख्य विनंती. वास्तविक हे पत्र मी धबधबा दुसरीकडे हलवण्याची आपली परवानगी मागण्यासाठी लिहिणार होते. ती विनंती मी सन्मानपूर्वक मागे घेते. परंतु त्या दिवशी अखंड चालल्यामुळे त्याचे पाणी थांबले आहे आणि पक्षी मुके झाले आहेत. संगमनेरच्या ज्या दुकानातून आपण तो घेतलात त्याचे नाव कृपया कळवावे. अण्णांना विचारले तर ते "बघू" म्हणतात.

काकांना नमस्कार, गाईला चारा. लेखनसीमा.

आपली आज्ञाधारक भाची,
राजेश्वरी

ता. क. दुकानाचे नाव कळवण्याची तसदी घेऊ नये. पत्र टाकायला आज पाथर्डीला गेले (ते न टाकताच परत आणले), तेव्हा अण्णांनी जीपमध्ये धबधबाही घेतला होता. एका दुकानात तो ठेवताच दुकानदार म्हणाला, "ह्यो तर आपल्याकडचाच. वास्तुशांतीला तुमीच नेल्ता की अजिनाथभाऊ. तुमच्या संगमनेरच्या बहिनीचं नाव बी आपूनच टाकून दिल्तं." अण्णा रस्त्यावरची एसटी पाहू लागले. एसटी उभी होती, तरी बराच वेळ पाहत होते.  त्या वर्षी काकांचे ऑपरेशन नुकतेच झाले होते आणि आपण त्यांना तसेच सोडून एका दिवसासाठी धावत आला होतात, हे मला तिथे उभ्या उभ्या आठवले. वरचा मजकूर खोडावा असे वाटले, परंतु पहिलीपासून माझ्या लेखनात खाडाखोड नाही, आणि त्यातला 'आपण दिलेला धबधबा' हा शब्दप्रयोग मला अजूनही अचूकच वाटतो. जीपमध्ये अण्णा एवढेच म्हणाले, "राजे, त्या दुकानाचं राहू दे आत्याला लिवायचं." त्यांनी दुकानाचे राहू दे म्हटले आहे (ते तर वर लिहून झाले, आणि खाडाखोड होणे नाही). बोलावण्याचे राहू दे असे म्हटलेले नाही.

ता. क. दुसरा. पक्षी दुरुस्त झाले. आता ते बटण बंद केल्यावरही थोडा वेळ बोलतात.

ता. क. तिसरा व शेवटचा. दसऱ्याआधीच्या रविवारी मंडळ पुन्हा बसणार आहे. आपण यावे. अण्णा जीप घेऊन संगमनेरला येतील, गुडघ्यांना पुढची सीट देतील. येताना काहीही आणू नये; घड्याळे परत चढल्यामुळे भिंतीवर खिळा शिल्लक नाही. हे मी आयुष्यात दिलेले दुसरे आमंत्रण आहे, म्हणून नाकारू नये. आणि नियम आपण जाणताच: जिचे नाव आमच्या भिंतीवर आहे, तिला ते पाहायला यावेच लागते.