निळ्या साडीचा नारिंगी काठ

मी, श्रीमती बेबी शंकरराव गुल्हाने, वय एकाहत्तर, निवृत्त चित्रकला शिक्षिका, राहणार कळंब, जिल्हा यवतमाळ, पूर्ण शुद्धीत व कोणाच्याही दबावाविना लिहून ठेवते की, माझ्यामागे माझ्या वस्तूंची आणि माझी व्यवस्था पुढीलप्रमाणे लावावी.

राहते घर व बँकेतील शिल्लक मुलगा अतुल यास. दर्शनी भिंत त्याने गुलाबी केली आणि खिडक्या पोपटी. जन्मभर रंगसंगती शिकवून घरात हे पाहणे आले. असो, घर त्याचे.

रंगचक्राचा पुठ्ठा व कुंचले शाळेस. मुलांकडे रंगपेट्या नसत, म्हणून घनश्याम शिंप्याकडून चिंध्या आणायची. कापसाला भाव नव्हता त्या वर्षी आमच्या मधल्या खोलीत तो आढ्यापर्यंत पडून होता. मुलांना घरी बोलावून त्या ढिगाच्या उतारावरच चिंध्या मांडून घेतल्या: लालाशेजारी हिरवी, पिवळ्याशेजारी जांभळी. चक्रात समोरासमोर बसणारे रंग जवळ आले की दोन्ही खुलतात, हे मुलांना तिथेच कळले. ते दिवस फार आठवतात. पुठ्ठा कपाटात कोंडू नये.

आता मुख्य कलम. विधवा म्हणून मला पांढरे नेसवू नये. नारिंगी काठाची निळी साडी नेसवावी. ती यांनी यवतमाळहून आणली होती. यांना रंगातले ओ की ठो कळत नव्हते, तरी निवड अचूक निघाली. हे गेल्यावर तेराव्याला माझ्याआधीच विधवा झालेल्या जाऊबाई वच्छलाबाईंनी ती पेटीत टाकून कुलूप लावले. मी कुलूप तोडले आणि तीच नेसून शाळेत गेले. "लोकं काय म्हणतीन, बेबी?" म्हणून त्या महिनाभर माझ्याशी बोलल्या नाहीत.

अतुलही परवा म्हणाला, "आई, लोकं हसतीन." त्याचा धीर व्हायचा नाही. म्हणून हा अधिकार सून रुपालीचा. तिला कोणी अडवू नये. एवढे झाले नाही तर बाकीचे मृत्युपत्र पाळूनही उपयोग नाही.

साक्षीदारास काही देता येत नाही, म्हणून जाऊबाईंना काही ठेवलेले नाही. त्या साक्षीला आल्या, हेच पुष्कळ.

कळंब, दि. १२ नोव्हेंबर २००६
सही: बेबी शं. गुल्हाने

साक्षीदार:
१. घनश्याम शिंपी (सही)
२. वच्छलाबाई गुल्हाने (अंगठा)

सर्व वाचून दाखवल्यावर अंगठा देताना जाऊबाई जे बोलल्या, ते त्यांच्या सांगण्यावरून इथे नोंदवते: "माह्या पेटीत हिरवं लुगडं हाये, कोनाले दाखवलं नाही. मले बी असंच लिहून दे वं."