शेती नसलेल्यांचा गठ्ठा

यवतमाळ,
९ डिसेंबर २००६

प्रिय अतिया,

सलाम आणि जय सेवालाल, दोन्ही घे. तब्येत कशी आहे? चाचा-चाचींना माझा सलाम सांग, तुझ्या लाडक्या भावाला, शहजादला, एक टप्पल. इकडे सगळं ठीक. म्हणजे मेसची डाळ अजून पातळच आहे आणि बाथरूमची कडी अजून लागत नाही. तुझ्या कॉटवर मी कोणालाही झोपू देत नाही. वॉर्डनबाईंनी एक नवी मुलगी आणून उभी केली होती. तिला मी म्हणाले, या कॉटमध्ये ढेकूण आहेत. ती पळाली. ढेकूण माझ्या कॉटमध्ये आहेत, हे तुला माहीतच आहे.

मोठी बातमी म्हणजे आपलं मंडळ सुरू झालं एकदाचं! प्राचार्यांच्या मनासारखं नाव पडलं, 'मानसिक आरोग्य जागृती मंडळ'. पोरं त्याला पागल मंडळ म्हणतात. आपल्या वर्गातल्या अमरसिंगने फलकासमोरच एकाला सुनावलं, "पागलाईसाठी नाही बे, पागल होऊ नये म्हून हाय हे." उद्घाटनाला हॉल भरला, कारण त्या तासाची हजेरी तिथेच घेणार होते. मनोविकारांचे डॉक्टर आले होते. मागच्या बाकांवरची पोरं आधी खिदळत होती, मग पुढे सरकून बसली. तू रंगवलेलं पोस्टर मंचामागे लावलं होतं. निळा रंग थोडा ओघळलाय, पण लांबून कळत नाही.

डॉक्टरांना महिन्यातून एकच दिवस जमतं आणि त्या दिवसात वीस जणांशीच बोलता येतं. कोणते वीस, ते ठरवायला नोव्हेंबरात आपण सगळ्या वर्गांत फॉर्म वाटले होते ना? नाव नाही, फक्त रोल नंबर. पहिला प्रश्न मी घातला होता. घरी शेती आहे का, किती एकर, कापूस किती. शेतकऱ्यांच्या आत्महत्यांनी हे वर्षच असं केलंय की यवतमाळात जो येतो तो, पेपरवाला असो की साहेब, आधी सातबारा विचारतो. आम्हीही तेच केलं. मंडळाचे प्रमुख आपले देवीलाल सर. ते म्हणाले, शेतीवाल्यांचा एक गठ्ठा करा, बाकीच्यांचा दुसरा. पहिल्या गठ्ठ्यातून वीस निवडले, दुसरा कपाटात ठेवला. काम सोपं झालं.

मला आजकाल एका जागी बसवत नाही. हे लिहिताना तीनदा उठले. एकदा पाणी प्यायला, एकदा खिडकी लावायला, तिसऱ्यांदा कशाला ते आठवत नाही.

विद्यापीठाच्या परीक्षेचे फॉर्म तीस तारखेपर्यंत आहेत. शेवटचं वर्ष आहे, सोडू नकोस. ताप उतरला की कळव.

तुझीच,
जया (सचिव!)


यवतमाळ,
१८ डिसेंबर २००६

अतिया,

तुझं कार्ड मिळालं. सलाम नाही, ख्यालीखुशाली नाही, एकच ओळ. "माझ्या फॉर्मची मागची बाजू वाचली होतीस का?" उघडं कार्ड. पोस्टमनने वाचलं असेल, वॉर्डनबाईंनी तर वाचलंच. कुठला फॉर्म गं, म्हणून विचारत होत्या. मी म्हणाले, स्कॉलरशिपचा. बघ, खोटं बोलायला मला आता विचारही करावा लागत नाही.

कार्ड आल्यापासून काहीबाही करत राहिले. धुतलेले कपडे पुन्हा धुतले. जर्नल पूर्ण केलं, कधी नव्हे ते आकृत्यांसकट. लायब्ररीत जाऊन बसले आणि पाच मिनिटांत बाहेर आले. तुला उत्तर काय लिहायचं ते माहीत होतं, फक्त लिहायचं नव्हतं.

हो. वाचली होती.

सरांच्या खोलीत मी एकटीच गठ्ठे लावत होते. एका फॉर्मवर 'शेती नाही' असं लिहून पुढचे सगळे रकाने मोकळे सोडले होते. अक्षर तुझं, रोल नंबर तुझा. उलटून बघितलं. तू लिहिलं होतंस, "दोन महिने झोप नाही. पुस्तक उघडलं की अक्षरं दिसतात, अर्थ लागत नाही. जेवण तोंडात फिरत राहतं. रोज सकाळी वाटतं, आज उठूच नये. माझी रूम-पार्टनर मंडळाची सचिव आहे. तिला सांगायला गेले की ती माझ्याकडून पोस्टर रंगवून घेते."

मला आधी राग आला. खरंच सांगते, काळजी नंतर आली, आधी राग. वाटलं, हिला काय झालंय? हिच्याकडे तर शेतीच नाही! आमच्या तांड्यावर बोंडं फुटलीत आणि भाव ऐकून बा दोन दोन दिवस बोलत नाही, आणि या बाईला पोस्टर रंगवायचा त्रास होतो. चाचांच्या दुकानात शेतीचे पंप दुरुस्तीला येणं बंद झालंय, हे तू मला दिवाळीत सांगितलं होतंस. तेसुद्धा मला त्या वेळी आठवलं नाही. दुःखाला सातबारा लागतो, असंच मी धरून चालले होते. तुझा फॉर्म मी दुसऱ्या गठ्ठ्यात घातला. मध्ये कुठेतरी, वर दिसणार नाही असा.

मग तुझ्याशी बोलायची लाज वाटायला लागली. वेचणीला माणसं नाहीत म्हणून गावी जाते, असं तुला सांगून निघाले. माणसं होती, अतिया. मी पळाले होते. जाताना म्हणाले, गुरुवारी दुपारच्या गाडीने महागावहून परत येते. गुरुवार आला आणि मी याडीला म्हटलं, अजून दोन दिवस राहते. आईच ती, खूश झाली.

त्याच गुरुवारी तू घरी जायला उमरखेडच्या गाडीत बसलीस आणि वाटेतच महागावला उतरलीस. दिवसभर स्टँडवर बसून राहिलीस. उमरखेडच्या चार गाड्या डोळ्यांसमोरून गेल्या. संध्याकाळी चाचा स्कूटरवर शोधत आले तेव्हा तू काहीच बोलली नाहीस म्हणे. तुम्ही सगळ्यांना ताप सांगितलात आणि मीही पत्रात तापच लिहिला.

चाचा लेकीची ट्रंक न्यायला आले त्या दिवशी मी परत आले होते. त्यांनी चहा घेतला नाही. म्हणाले, "बेटा, तू तिच्या खोलीतली. तुले काही बोलली का ते? कोनी पोट्टा-गिट्टा त नाही ना?"

मी म्हणाले, "नाही चाचा. मले काहीच नाही बोलली."

आठ दिवसांवर उद्घाटन होतं. सचिवाच्याच खोलीतली मुलगी, आणि सचिवाने वाचून फॉर्म दडवला, हे बाहेर आलं असतं तर? एवढाच विचार केला मी. चाचा खाली मान घालून म्हणाले, "म्हंजे लपवण्यासारखंच काही असन." ट्रंक त्यांनी स्वतः उचलली. मी एक बाजू धरायला गेले तर नको म्हणाले.

परवा बूथवरून तुमच्या शेजारी फोन लावला. शहजाद आला. त्याला विचारलं, अतिया परीक्षेला येणार ना? म्हणाला, "अब्बा म्हनते, कॉलेज बस झालं. पोरगाच असन म्हनते. नाही त स्टँडवर दिवसभर कोनाची वाट पाहत होती?"

मी फोन ठेवला आणि बूथच्या पायरीवर बसले. लोक बघत होते, बघू दे म्हटलं. तुझं कॉलेज त्या स्टँडमुळे सुटलेलं नाही. माझ्या त्या एका 'नाही चाचा'मुळे सुटलंय.

आज सकाळी सरांकडून कपाटाची किल्ली घेतली. शेती नसलेल्यांचे एक्केचाळीस फॉर्म होते. सगळे उलटून बघितले. सतरा जणांनी मागे लिहिलंय, न विचारता. एका मास्तरांच्या मुलीने लिहिलंय, घरी सगळं आहे म्हणून मला रडायची सोय नाही. सरांनी ते सतराही फॉर्म स्वतः वाचले. मग म्हणाले, "आपला फॉर्मच चुकला जया." मी म्हणाले, फॉर्म चुकला सर, पण एक फॉर्म मी वाचून ठेवून दिला. मग त्यांना सगळं सांगितलं, राजीनामाही पुढे केला. त्यांनी तो घेतला नाही, परतही दिला नाही, टेबलावरच राहू दिला. पुढच्या वेळच्या वीस जणांत तुझा नंबर पहिला लिहिलाय. तू नको म्हणालीस तर खोडू. या वेळी तुला विचारून.

रविवारी, चोवीस तारखेला, सकाळच्या गाडीने उमरखेडला येते आहे. तुझा फॉर्म सोबत आणते. तो तुझा आहे. चाचांना दाखवायचा, फाडायचा की चुलीत घालायचा, ते तू ठरव. त्याबद्दल मी एक शब्द बोलणार नाही. पण मी खोटं बोलले ते माझं आहे, आणि ते मी सांगणारच. दोनच वाक्यं सांगायची आहेत. चाचा, तिने मला सांगितलं होतं. आणि त्या दिवशी ती माझी वाट पाहत होती.

त्यांनी दारातूनच जा म्हटलं तर जाईन. तू समोर आली नाहीस तरी मला समजेल. भीती वाटते, खूप वाटते. पण तीस तारीख जवळ आली आहे आणि माझ्या भीतीपायी तुझं वर्ष जायला नको.

जिची तू महागावला वाट पाहिलीस, ती
जया