आईचा रक्तदाब आणि चेपणीचे तोर

तीर्थरूप आईस मस्कतहून क्षमाचा नमस्कार.

मी खुशाल आहे. तुझा रक्तदाब उतरल्याचे रुद्रेशदादाने कळवले. जीव भांड्यात पडला.

पेज अळणी ठेवलीस, तरी सोबतच्या तोरांतून, त्या मिठात मुरलेल्या कोवळ्या कैऱ्यांतून, मीठ पोटात जातेच. ते शरीरात पाणी धरून ठेवते, रक्तवाहिन्यांतला द्रव वाढतो आणि दाब चढतो. हे मी प्रत्येक फोनवर समजावले. तू म्हणायचीस, "पुरे गो मास्तरणी!"

हर्षावहिनीने मात्र एकही कारण न सांगता तोरांची बरणीच शेजारी देऊन टाकली, आणि तू नुसती हसलीस म्हणे!

खरे सांग, तिचे ऐकलेस ते पटले म्हणून, की ती तुझ्याजवळ आहे म्हणून? उत्तर तूच लिही. वहिनीकडून लिहवून घेऊ नकोस.

तुझी,
क्षमा